कच्च्या रेझिनची राखी कुणाच्याही मनगटावर जाऊ देऊ नका

उंब्रज, पाल, चाफळ, मसूर, तारळे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर रेझिनच्या वस्तू करणाऱ्या ताई-वहिनींना, त्या विकणाऱ्या दुकानदारांना आणि लेकरांसाठी त्या घेणाऱ्या आई-वडिलांना ही कळकळीची विनंती आहे.

राखी पौर्णिमा तोंडावर आली आहे. यूव्ही रेझिनचं काम घरबसल्या जमतं, भांडवल थोडं लागतं आणि चार पैसे हाती राहतात. मीही हेच काम करते, ते वाढावं असंच मला वाटतं. पण श्रावणातलं आभाळ भरलेलं असतं, उन्हावर भरवसा ठेवता येत नाही, ऑर्डरीची घाई असते, आणि तयार झालेल्या राख्या हाताला चिकट लागतात. अशा राखीवर टाल्कम पावडर मारा, नेलपॉलिशचा एक हात द्या, चिकटपणा कळणार नाही, असे सल्ले फिरत आहेत. कृपा करून ते मानू नका. पावडरीखालचं रेझिन कच्चंच राहतं.

हे गंभीर का, ते समजून घ्या. बाटलीतल्या रेझिनमध्ये अ‍ॅक्रिलेट जातीची रसायनं असतात. ठरावीक प्रकाश पडला की ती एकमेकांत गुंफली जाऊन घट्ट होतात. प्रकाश पोचला नाही तिथे ती तशीच उरतात आणि घामाबरोबर, पावसाच्या पाण्याबरोबर कातडीला लागतात. खाज सुटते, लाली येते, बारीक फोड उठतात. एकदा शरीराला या रसायनांची अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. पुढे दातात भरायचं पांढरं फिलिंग किंवा नखांवरचं जेल पॉलिशही त्रास देऊ शकतं, कारण तीही याच कुळातली. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने 2012 साली अ‍ॅक्रिलेटला त्या वर्षीचा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठरवलं. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञ संघटनेने 2018 मध्ये जेल नखांच्या बाबतीत लोकांना जाहीर इशारा दिला. आपल्याकडे राखी एका दिवसात सुटत नाही. पोरं ती गणपतीपर्यंत मनगटावर मिरवतात आणि धाकटी तर तोंडातही घालतात.

रेझिन कच्चं राहण्याची कारणं थोडी आहेत आणि प्रत्येकावर उपाय आहे.

1. थर जाड होतो. एका वेळी 1 ते 2 मिलिमीटरपेक्षा जास्त ओतू नका. प्रत्येक थर पक्का झाल्यावरच पुढचा द्या. साचा पारदर्शक वापरा, आणि वस्तू साच्यातून काढल्यावर पालथी करून मागूनही प्रकाश द्या.

2. रंग प्रकाश अडवतो. पांढरा, काळा आणि दाट चकाकी हे सगळ्यात त्रासाचे. रंग काडीच्या टोकावर मावेल एवढाच घ्या. घरातला पाण्याचा अ‍ॅक्रिलिक रंग रेझिनमध्ये मिसळू नका. पालच्या खंडोबाचा भंडारा घालून पदक करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. हळद नेमका तोच निळा-जांभळा प्रकाश शोषते, ज्यावर रेझिन पक्कं होतं. भंडारा रेझिनमध्ये कालवलात तर वरचा पापुद्रा कडक होतो आणि पोट ओलं राहतं. आधी पारदर्शक तळ पक्का करा, त्यावर चिमूटभर भंडारा भुरभुरा, मग वरून पातळ पारदर्शक थर द्या. झेंडूच्या पाकळ्या पूर्ण वाळवूनच घाला. ओलसर पाकळीभोवती बुडबुडे आणि धुरकट डाग येतात.

3. लॅम्प कमी पडतो. बाटलीवर 365 की 405 नॅनोमीटर लिहिलंय ते पाहा आणि लॅम्प तोच प्रकाश देतो का ते तपासा. पॉवर बँकेवर चालणारा छोटा लॅम्प राखीच्या पदकाला सहसा पुरत नाही. नळ्यांचा जुना लॅम्प उजळ दिसला तरी त्याचा जोर कालांतराने घटतो. लॅम्प जवळ धरा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. लॅम्पकडे टक लावून पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका.

4. वरचा थर हवेमुळे चिकट राहतो. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरची क्रिया रोखतो. म्हणून वरून पारदर्शक ओएचपी शीट दाबून किंवा ग्लिसरीनचा पातळ हात देऊन पुन्हा प्रकाश द्या, मग धुऊन कोरडं करा. यूव्ही रेझिन हवेवर वाळत नाही, तेव्हा पंख्याखाली रात्रभर ठेवण्यात वेळ घालवू नका.

5. बाटलीची गल्लत होते. रेझिन आणि हार्डनर अशा दोन बाटल्यांचं इपॉक्सी लॅम्पखाली पक्कं होत नाही. त्याचं प्रमाण बाटलीवर दिल्याप्रमाणे मोजूनच घ्यावं लागतं आणि त्याला एक ते तीन दिवस द्यावे लागतात. मुदत संपलेलं किंवा खिडकीत ठेवून घट्ट झालेलं यूव्ही रेझिन वापरूच नका.

पाकिटात भरण्याआधी प्रत्येक राखी तपासा. ती पूर्ण गार होऊ द्या. उलटी करा, कारण मनगटाला लागणारी बाजू तीच असते. टूथपिकचं टोक मधोमध दाबा. टोक रुतलं किंवा उचलताना बारीक तार आली, तर राखी कच्ची आहे. मग टिश्यू पेपरचा तुकडा मिनिटभर दाबून धरा आणि उजेडात तिरकं धरून पाहा. कागदाचा एक जरी तंतू चिकटलेला दिसला तरी ती बाजूला काढा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस घासा. कापसाला रंग लागला किंवा जागा बुळबुळीत झाली, तर ती पुसून दोन्ही बाजूंनी पुन्हा प्रकाश द्या. तरीही पोट मऊ असेल तर ती राखी विकू नका. त्या एका राखीचं नुकसान सोसवेल, गिऱ्हाइकाच्या लेकराचा त्रास सोसवणार नाही.

स्वतःलाही जपा. नायट्राइलचे हातमोजे घाला, रेझिन सांडलं की लगेच बदला. हाताला लागलं तर साबण-पाण्याने धुवा, अल्कोहोलने नको. खिडकी उघडी ठेवा, घासकाम करताना मास्क लावा. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून गॅसजवळ बसू नका. उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका. ते पाण्यातल्या जिवांना घातक आहे, आणि आपल्या गावाचं सांडपाणी शेवटी तारळी आणि कृष्णेकडेच जातं. उरलेलं रेझिन आणि पुसलेले बोळे लॅम्पखाली किंवा उन्हात कडक करा, मगच कचऱ्यात टाका.

दुकानदार बंधूंनो, माल घेताना दोन-चार राख्या उलट्या करून दाबून पाहा आणि चिकट माल परत करा. क्लास घेणाऱ्यांनो, पहिल्याच दिवशी हातमोजे आणि तपासणी शिकवा. शाळेतल्या बाईंनो, गुरुजींनो, मुलांच्या हातात बाटलीतलं रेझिन देऊ नका. राखीसाठी लोकर, मणी, कागद पुष्कळ आहे. आई-वडिलांनो, राखी मागच्या बाजूने चिकट लागली किंवा उग्र वास आला तर घेऊ नका. मनगटावर पुरळ दिसली तर राखी लगेच काढा, जागा साबणाने धुवा, आणि त्रास थांबला नाही तर कराडला किंवा साताऱ्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. जाताना ती राखी पिशवीत घालून बरोबर न्या.

तायांनो, भरलेली पाकिटं आजच उघडा. एकेक राखी तपासा आणि कच्ची निघेल ती आजच वेगळी काढा. शेजारची ताई हेच काम करत असेल तर हे पान तिच्याही हातात द्या.

— उंब्रजमधील एक रेझिन कारागीर