विस्कटलेली पोथी आणि संगणकाची तबकडी

आमच्या धर्मापुरीस केदारेश्वराच्या देवळांत वडील पुराण सांगत. त्यांच्या हस्तलिखित पोथ्यांचीं छायाचित्रें घरच्या संगणकांत सांठविलेलीं होतीं. मूळ पोथ्या पुढें वाळवीनें खाल्ल्या; तेव्हां हीं छायाचित्रें हेंच काय तें आमचें धन. अलीकडे तो संगणक फार मंद चालूं लागला. पुतण्या म्हणाला, "काका, डिफ्रॅग करूं, म्हणजे पळूं लागेल." यांत तथ्य किती, तें वाचकांपुढें मांडतों.

सुट्या पानांची पोथी विस्कटली तर मजकूर नाहींसा होत नाहीं. पुढचें पान शोधण्यांत वेळ मात्र जातो. हार्ड डिस्कचें तसेंच आहे. तींत चुंबकीय लेपाची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. जुना मजकूर पुसला कीं मध्यें मोकळ्या जागा पडतात, आणि नवा मोठा मजकूर तुकड्यांनीं त्यांत बसविला जातो. मग वाचणाऱ्या दांडीस प्रत्येक तुकड्यासाठीं जागा बदलावी लागते. ते तुकडे सलग लावणें म्हणजे डिफ्रॅग. फिरत्या तबकडीवर तुकडे फार झाले असतील, तर त्यानें वेग खरोखर वाढतो. मात्र मंदपणाचें कारण रॅमची तूट असेल, तर उपयोग नाहीं. शिवाय २००९ सालच्या विंडोज ७ मध्यें हें काम आठवड्यास एकदां आपोआप होण्याची योजना होतीच.

एस. एस. डी. या नव्या साधनांत फिरणारें कांहींच नसतें. तेथें तुकडे शोधण्यास खोळंबा जवळजवळ होत नाहीं. उलट त्यांतील चिपांवर पुनःपुन्हा लिहिण्यास मर्यादा असल्यानें विनाकारण झीज होते. तेथें हा खटाटोप हातानें करूं नये.

आमच्या डिस्कमधून कट् कट् असा आवाज येत होता. मीं पुतण्यास थांबविलें. डिफ्रॅग म्हणजे हजारों तुकडे उचलून पुन्हा लिहिणें. मरणोन्मुख डिस्कला तो श्रम सोसवत नाहीं. जीर्ण पोथी जुळवीत बसण्यापूर्वी तिची नक्कल करावी, हेंच शहाणपण. आम्हीं प्रथम सर्व छायाचित्रें दुसऱ्या डिस्कवर उतरविलीं. चारच दिवसांनीं जुनी डिस्क कायमची बंद पडली.

तीन पानें मात्र उघडलीं नाहींत. नक्कल वर्षभर आधीं केली असती, तर तींही हातीं असतीं. वाचकांनीं वेगाची चिंता मागाहून करावी. आज सायंकाळीं प्रथम नक्कल करावी.