रिकामी दिसते, रिकामी नसते

शुक्रवार. रात्रीचे साडेअकरा. सगळी मुंबई वीकेंडच्या मूडमध्ये आणि मी दादरच्या आमच्या टीचभर ऑफिसात एका बटणाकडे बघत बसलेली. स्क्रीनवर साधासा प्रश्न होता. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल आणि नवी मांडणी होईल, नक्की ना? हो की नाही?

माझं बोट ‘हो’वर होतं.

तुम्ही म्हणाल, एवढं स्पष्ट लिहिलंय तरी? थांबा, आधी भानगड सांगते.

आम्ही तिघं फ्रीलान्सर एक खोली शेअर करतो. एक अकाउंट्सवाली, एक वेबसाइटवाला आणि मी. तिघांचे तीन म्हातारे पीसी, तिन्ही जेट विमानासारखे आवाज करणारे. माझा चुलतभाऊ ऐरोलीला आयटीत आहे, कायम नाइट शिफ्ट. दादा म्हणाला, “तीन डबडी कशाला सांभाळता? एक दणकट मशीन घ्या आणि त्यावर तीन व्हर्च्युअल मशीन्स टाका.”

व्हर्च्युअलायझेशनचा फंडा आपल्याला सहज कळण्यासारखा आहे. चाळ म्हणा ना! इमारत एक, खोल्या अनेक. प्रत्येक बिऱ्हाडाचं कुलूप वेगळं, संसार वेगळा. पाणी, वीज, जिना सामायिक. ही चाळ चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरवायझर, आणि ते ज्यावर चालतं ते मशीन म्हणजे होस्ट. आम्ही व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय घेतलं. त्याची फुकट आवृत्ती २०२४च्या सुरुवातीला बंद झाली होती, ती एप्रिल २०२५मध्ये परत आली. फुकट म्हटल्यावर आम्ही तिघं एका पायावर तयार.

मशीन आलं, विंडोजचं बिऱ्हाड मांडून झालं. उरलं फक्त नॅस जोडणं. नॅस म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कांचा डबा, चाळीसमोरचं गोडाऊन समजा. त्यात माझं १.२ टीबी सामान होतं. हे सामान म्हणजे सिनेमे नाहीत. मास कॉमच्या दिवसांपासून मी गिरणगावातल्या कामगारांच्या मुलाखती रेकॉर्ड करतेय. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यांतली काही माणसं लालबाग-परळच्या खोल्यांमध्ये तासन् तास माझ्याशी बोलली. त्यांतले दोघं आता नाहीत. ती मुलाखत पुन्हा घेता येणार नाही.

आणि या सगळ्याची दुसरी कॉपी? नव्हती. हसू नका, तुमच्या लॅपटॉपची पण तीच कथा असणार.

तर मी नॅस होस्टला जोडला. यादीत डिस्क दिसली, साइझ बरोबर, नाव बरोबर. पण फाइल्स काही दिसेनात. ‘नवा डेटास्टोअर बनवा’ असा पर्याय होता. मला वाटलं, हेच म्हणजे जोडणं. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट करत गेले आणि त्या प्रश्नापाशी आले. तेवढ्यात कुठून अक्कल आली कोण जाणे, दादाला फोन लावला.

“दादा, डिस्क रिकामी दिसतेय रे. पुसू का?”

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, “हात वर कर. माऊसवरून हात काढ आधी!”

मग त्याने जे समजावलं, ते नाइट शिफ्टमधल्या चहासकट तुमच्यापर्यंत पोचवते.

गोडाऊन दोन पद्धतींनी वापरता येतं. पहिली पद्धत मुनीमजींची. तुम्ही म्हणता अमुक गठ्ठा द्या, मुनीमजी आतून काढून देतात. मांडणी त्यांची, चावी त्यांच्याकडे. याला एनएफएस शेअर म्हणतात. असा शेअर होस्टला जोडला तर काहीच फॉरमॅट होत नाही, आतल्या फाइल्स आहेत तशाच राहतात.

दुसरी पद्धत आयस्कझीची. इथे मुनीमजी नाहीत. तुम्हाला थेट गाळ्याची चावी मिळते, आत रॅक तुमचे तुम्ही लावायचे. माझ्या जुन्या विंडोज पीसीने या गाळ्यात एनटीएफएस पद्धतीचे रॅक लावले होते. ईएसएक्सआयला फक्त स्वतःचे, म्हणजे व्हीएमएफएस पद्धतीचे रॅक ओळखता येतात. तो गाळ्यात डोकावला, ओळखीचं काही दिसलं नाही आणि म्हणाला, साफ करून आपले रॅक ठोकू का?

“मशीनला वाचता येत नाही म्हणजे डिस्क रिकामी आहे असं नाही,” दादा म्हणाला. “तुला मोडी वाचता येत नाही म्हणून कागद कोरा होतो का?”

सॉलिड वाक्य. मी तरी बचावाचा एक प्रयत्न केला. “पण नॅसमध्ये दोन डिस्क आहेत ना, आरशासारख्या? एक गेली तरी दुसरी आहे.”

“एक डिस्क बिघडली तर दुसरी आहे. तू पुसलंस तर दोन्हींवरून एकदमच पुसलं जाणार. आरसा आहे तो. तू कपाळावर हात मारलास तर तोही मारणार.”

गप्प बसले.

मग रात्रभर जे केलं ते क्रमाने सांगते. आधी ‘नाही’ दाबलं. ईएसएक्सआयमधून नॅसचं कनेक्शन काढून टाकलं. जुना पीसी चालू करून सगळं एका एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केलं. चारेक तास गेले, तीन चहा झाले. कॉपी झाल्यावर फाइल्सची संख्या आणि साइझ जुळवून पाहिली आणि मधल्या मधल्या दहा-बारा फाइल्स चक्क वाजवून पाहिल्या. मग जुना पीसी नॅसपासून तोडून बंद केला. हे महत्त्वाचं. एनटीएफएसच्या गाळ्यात दोन मशीन्स एकाच वेळी शिरली तर दोघं आपापल्या वह्या लिहितात, एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो आणि सामानाची वाट लागते.

शेवटी गाळ्याची चावी होस्टला न देता चाळीतल्या विंडोजच्या खोलीला दिली. म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनमधल्याच आयस्कझी इनिशिएटरमध्ये नॅसचा पत्ता टाकला आणि कनेक्ट केलं. विंडोजने आपले रॅक लगेच ओळखले. दादाची एक ताकीद होती: विंडोजने ‘ऑनलाइन’ करू का विचारलं तर हो म्हण, ‘इनिशियलाइझ’ करू का विचारलं तर हात वर. व्हर्च्युअल मशीन्ससाठी नॅसवर जागा हवी होती, त्याला वेगळं एनएफएस फोल्डर दिलं. दोन्हींची भेसळ नाही.

तुमच्या नॅसवर आधीच्या ईएसएक्सआयने बनवलेला डेटास्टोअर असेल तर मामला थोडा वेगळा. नवा होस्ट त्याला ओळखतो, पण कधी कधी हीच मूळ डिस्क की तिची कॉपी, याबद्दल त्याला शंका येते. मग तीन पर्याय येतात: जुनी सिग्नेचर ठेवा, नवी द्या किंवा फॉरमॅट करा. पहिल्या दोन्हींत डेटा राहतो, तिसऱ्यात जातो. आतली व्हर्च्युअल मशीन्स नव्याने बनवत बसू नका, त्यांची व्हीएमएक्स फाइल शोधून रजिस्टर करा.

पहाटे पाचला मी पहिली फाइल उघडली. आधी खोकल्याची उबळ, मग काकांचा आवाज. “चालू झालं का गं ते?” काका मागच्या वर्षी गेले. मी हेडफोन काढून थोडा वेळ खिडकीत उभी राहिले.

बॅकअपचा ३-२-१ नावाचा नियम आहे: तीन कॉप्या, दोन वेगळ्या साधनांवर आणि एक दुसऱ्या जागी. त्यातली दुसरी जागा मला सापडलीय. रविवारी डोंबिवलीला गेले आणि एक्स्टर्नल डिस्क आईच्या कपाटात, पैठणीच्या खाली ठेवून आले.

आई म्हणाली, “काय आहे गं यात?”

म्हटलं, “गिरणीचा भोंगा. पुसू नकोस.”