कपाटावरची गिटार

दिवाळीच्या आधीचा रविवार. मी सोफ्यावर लोळत पोहे हाणतोय आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी स्टुलावर चढून कपाटावरची जळमटं काढतायत. वरूनच आवाज आला, "दादा, हे गिटार वाजवता का तुम्ही?"

"हो... म्हणजे वाजवतो ना. वेळ नाही मिळत हल्ली."

"नाही, धूळ लई बसलीय म्हणून विचारलं. द्यायचं असेल तर सांगा. आमच्या पोराला पाहिजे. अकरावीला गेलाय, तेव्हापासून एकच धोशा लावलाय. फुकट नको, पैसे घ्या."

बोलती बंद! पोहे घशातच अडकले. राग आला तो मावशींचा नव्हे, त्या धुळीचा. कारण धूळ खोटं बोलत नाही ना राव. पहिल्या बोनसमध्ये घेतलेली ती गिटार, दुकानातून घरी आणताना बाइकवर मित्राच्या पाठीला लावलेली, सिग्नलला लोक बघतायत म्हणून उगाच ताठ बसलेलो आम्ही दोघं. पहिला आठवडा रोज दोन तास. दुसऱ्या आठवड्यात बोटं सुजली. तिसऱ्यात रिलीज आलं. मग ठरवलं की आता फक्त रविवारी, पण निवांत, दोन तास सलग. असे रविवार आले किती? चार. त्यानंतर कव्हर, चेन, आणि कपाटाचा माथा.

तुमच्याकडेही असेल ना असं काहीतरी? गिटार नसेल तर सिंथेसायझर, तेही नसेल तर जिमची वर्षभराची मेंबरशिप. एकटं वाटून घेऊ नका. फेंडर या गिटार कंपनीचे सीईओ म्हणून २०१५ साली आलेले अँडी मूनी मुलाखतींमधून सांगायचे की, नव्याने गिटार शिकणाऱ्यांपैकी जवळपास नव्वद टक्के लोक पहिल्या वर्षातच ती सोडून देतात. गिटार विकणाराच हे सांगतोय म्हटल्यावर काय बोलणार?

तर मी मावशींना म्हटलं, "संक्रांतीपर्यंत थांबा. तोवर मला एक गाणं पूर्ण वाजवता आलं नाही, तर पोराला घेऊन या. गिटार त्याची."

बोलून तर बसलो.

सगळ्यात आधी केलं काय, तर गिटार खाली काढली आणि पुन्हा कव्हरमध्ये घातलीच नाही. एक साधा स्टँड आणला आणि टीव्हीच्या शेजारी उभी केली. हसू नका, यातच अर्धी लढाई आहे. रात्री नऊला हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी आलेला माणूस स्टूल शोधणार, कव्हर काढणार, मग सहा तारा लावत बसणार... तोपर्यंत त्याचा उत्साह झोपलेला असतो. समोर दिसली की हात जातो. तारा लावायचं टेन्शनही आता उरलेलं नाही. मोबाइलवर ट्यूनर टाका, तो सांगतो खाली उतरलीय की वर चढलीय. जाड तारेपासून पातळ तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई. मिनिटभराचं काम. फक्त हे मिनिट टाळू नका. बेसूर गिटारवर बरोबर कॉर्डही चुकीचाच वाजतो आणि आपण म्हणतो, 'छे, आपल्यात टॅलेंटच नाही.'

दुसरी गोष्ट, दुखणं. याबद्दल क्लासवाले फारसं बोलत नाहीत. स्टीलच्या तारा बोटात रुततात, ती वेदना खरी असते. पण त्यातली निम्मी फुकटची असते, हे मला उशिरा कळलं. पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गिटार नेली, तर त्यांनी तारेखाली पट्टी सरकवून बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे. "एवढ्या उंच तारा? यावर तर पैलवान पण रडेल." तारा आणि फ्रेटबोर्ड यांच्यातल्या अंतराला 'अ‍ॅक्शन' म्हणतात. स्टीलच्या तारांच्या गिटारला बाराव्या फ्रेटवर ते साधारण दोन-अडीच मिलिमीटर असलं की ठीक. स्वस्तातल्या नव्या गिटारवर बरेचदा ते जास्त असतं, आणि नवशिक्याला वाटतं की गिटार अशीच असते! काकांनी ते खाली आणलं, जाड तारा काढून हलक्या गेजच्या घातल्या. जुन्या तारांवर पावसाळ्याचा गंज चढला होता, तोही बोटांना कानस लावत होता म्हणे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, एवढं पथ्य सांगून त्यांनी मला कटवलं. गिटार नवी नव्हती, पण हात नवा झाला.

हलक्या तारांवरून आठवलं. 'ब्लॅक सॅबथ'चा टोनी आयोमी ठाऊक असेलच. तो बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशिनमध्ये गेली. आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच! संपलंच की. तेव्हा कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोचा डावा हात १९२८ साली आगीत भाजलेला. त्याची दोन बोटं जवळपास निकामी झाली होती, तरी उरलेल्या दोन बोटांनी त्याने युरोप गाजवला. आयोमीने मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यावर चामडं चिकटवलं आणि दाबायला सोप्या म्हणून हलक्या तारा लावल्या, अगदी बँजोच्या तारासुद्धा. पुढे तारा सुरापासून खाली उतरवूनही तो वाजवू लागला. आपण मात्र आल्या तशा जाड तारांवर कुढत बसतो.

उरलेली निम्मी वेदना मात्र सोसावीच लागते. रोज थोडं वाजवलं तर तीन-चार आठवड्यांत बोटांची टोकं निबर होतात. आणि इथेच माझ्या त्या 'फक्त रविवार' प्लॅनची गोम होती. आठवड्यातून एकदा दोन तास रगडलं की बोटं सुजतात, पुढच्या रविवारपर्यंत कातडी परत मऊ होते. म्हणजे मी कायम पहिल्याच आठवड्याच्या दुखण्यात राहत होतो! डोक्याचंही तसंच. दर रविवारी अर्धा तास मागचं आठवण्यातच जायचा. दोष आळसाचा नव्हता, टाइमटेबलचा होता.

म्हणून दहा मिनिटं. रोज. ऑफिसमधून आल्यावर, जेवणाआधी, बूट काढल्या काढल्या. दहाच का? कारण वीस म्हटलं की मी 'उद्या चाळीस करू' म्हणतो. दहा मिनिटांना बहाणा सापडत नाही. आणि त्या दहा मिनिटांत सगळं नाही करायचं. मी फक्त एकच केलं: ए मायनरवरून सी, सी वरून ए मायनर. हे दोन कॉर्ड शेजारी-शेजारी राहतात. पहिलं आणि मधलं बोट आहे तिथेच बसून राहतं, फक्त अनामिका उठून तिसऱ्या तारेवरून पाचव्या तारेवर जाते. बस्स. इंटरनेटवर फुकट धडे देणाऱ्या जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन मास्तरचा एक प्रसिद्ध व्यायाम आहे: घड्याळ लावा आणि एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा अदलाबदल होते ते मोजा. पहिल्या दिवशी माझा आकडा होता अकरा.

आता आपण ऑफिसवाली माणसं. आकडा दिसला की काय करणार? एक्सेल! तारीख, कॉर्ड, आकडा. अकरा, चौदा, तेरा, नऊ (अप्रेजलचा दिवस), सतरा, बावीस. गंमत अशी की, वाजवताना प्रगती झाली असं अजिबात वाटत नव्हतं. कालचं कालसारखंच भिकार ऐकू यायचं. पण शीट बघितलं की कळायचं, पंधरा दिवसांत डबल! मग अर्थातच मी आकड्याच्या मागे लागलो, पस्तिशी गाठली, आणि एकही कॉर्ड धड वाजेना. सगळी खरखर. मग मागे आलो. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून, तिच्या मागच्या बाजूला ठेवलं की कमी जोरात स्वच्छ वाजतं. दोन फ्रेटच्या मधोमध ठेवलं तर जास्त दाबावं लागतं, नाहीतर खरखरतं. प्रत्येक तार एकेकटी छेडून बघायची, मग मोजायचं.

आणखी एक नियम स्वतःला घातला, जो आधी कळला असता तर सहा महिने वाचले असते: डावा हात कितीही गोंधळला तरी उजवा थांबवायचा नाही. आपण काय करतो, कॉर्ड बदलताना थांबतो, बोटं जागेवर बसवतो, मग पुढे. ते गाणं नसतं, ती कंत्राटी कामगारांची जेवणाची सुट्टी असते. मेट्रोनोम साठवर लावा, हळूहळूच जा, पण चौथ्या ठोक्याला बोटं पोचली नसतील तर मोकळ्या तारा वाजू द्या. ऐकायला घाण वाटतं, पण दोन दिवसांनी बोटंच घाई करायला शिकतात.

गाण्याच्या बाबतीतही माझी अक्कल उशिरा उघडली. हॉस्टेलमध्ये गिटार हातात आलेल्या प्रत्येक मुलाने पहिलं काय वाजवलं असेल? १९८३च्या 'कलाकार'मधलं 'नीले नीले अंबर पर'. मीही त्याच्याच सुरुवातीच्या तुकड्यामागे महिनाभर डोकं फोडलं होतं. तो एकेक तार छेडत जाणारा तुकडा ऐकायला लाडिक आणि वाजवायला भलताच नाजूक, नवशिक्याचं काम नव्हे. या वेळी तीन कॉर्डवर चालणारं, आईच्या आवडीचं एक जुनं गाणं धरलं. फोनवर तिला चाल विचारली तर ती म्हणाली, "तू वाजव, मी गाते." फोनवरून गाणं-बजावणं एकत्र जमत नाही, आवाज मागे-पुढे होतो. पण त्या निमित्ताने आई-मुलाचे चार शुक्रवार मजेत गेले.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात मात्र गाडी रुतली. आकडा जिथल्या तिथे. त्यातच आगाऊपणा करून 'एफ'ला हात घातला. 'एफ' म्हणजे तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या. गिटारच्या क्लासमधली निम्मी गळती इथेच होत असावी, असा माझा तरी संशय आहे. छोटा 'एफ'सुद्धा असतो, वरच्या चार बारीक तारांचा, त्यात तर्जनीने फक्त दोनच तारा दाबायच्या. तोही जमेना. रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर सात वर्षांची पोरं सोलो वाजवताना बघायचो आणि दुसऱ्या दिवशी गिटारकडे पाठ. तेव्हा ते व्हिडिओ बंद केले आणि दर रविवारी स्वतःचं एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवायला लागलो. पाच रविवार जमल्यावर पहिलं ऐकलं. बाप रे! ते ऐकून जो काही धीर आला, तो कुठल्याच उस्तादाला ऐकून आला नसता.

संक्रांत आली. मावशी तिळगूळ घेऊन आल्या आणि सोबत पोरगं. उंच, लाजाळू, दारातच चपला सरळ लावणारं. मी वाजवलं. दुसऱ्या अंतऱ्याला डावा हात घसरला, उजवा चालू राहिला, कसंबसं गाणं किनाऱ्याला लागलं.

"छान आहे," मावशी म्हणाल्या. "मधी जरा अडखळलं."

पोरगं इतका वेळ गप्प होतं. ते हळूच म्हणालं, "काका, दुसरी तार उतरलीय."

काका! मी सत्तावीस वर्षांचा आहे हो. तावातावाने ट्यूनर लावला. तार उतरली होती.

पैज मी जिंकली, गिटार माझ्याकडेच राहिली. पण त्या दिवसापासून तो दर रविवारी सकाळी येतो. मला येतं ते मी दाखवतो, आणि मला तीन महिने लागलेलं तो तीन रविवारांत उरकतो. जळतो का मी? जळतो ना! त्या जळण्यामुळे माझी दहा मिनिटं कधी पंधरा झाली ते कळलंच नाही. मध्ये आठ दिवस कामासाठी बेंगळुरूला गेलो, तेव्हा गिटार त्याच्याच घरी ठेवली. परत आली ती नव्या पहिल्या तारेसह. जुनी तुटली होती, त्याने स्वतःच्या पैशांनी आणून घातली होती आणि तसं सांगताना मान खाली होती.

मग त्याने मोठा 'एफ' वाजवून दाखवला. सहाच्या सहा तारा, एकही खरखर नाही. सध्या तोच मला शिकवतोय. एक्सेलमध्ये नवी ओळ सुरू केलीय, सी ते एफ. कालचा आकडा : सात.