खाज सुटली, तर?

मुंबईहून नाशिककडे जाणारी गाडी कसाऱ्याला थांबते. पुढे थळ घाटाची खडी चढण असल्यामुळे तेथे तिला जादा इंजिने जोडतात. चढण संपली की इगतपुरी येते. या भागात पाऊस भरपूर पडतो, म्हणून आसपासच्या गावांत भाताची शेती आहे. याच इगतपुरीत 'धम्मगिरी' नावाचे विपश्यनेचे मोठे केंद्र आहे. तेथे 1976 पासून शिबिरे भरतात आणि देशोदेशींचे, सर्व धर्मांचे लोक येतात. शिबिर दहा दिवसांचे असते. पहाटे चार वाजता उठायचे, कोणाशी बोलायचे नाही आणि डोळे मिटून बसायचे. शुल्क काहीच नाही. ज्यांनी पूर्वी शिबिर केले आहे, त्यांच्या दानातून खर्च चालतो.

पहिले तीन दिवस साधक फक्त आपल्या श्वासाकडे लक्ष देतो. नंतर डोक्यापासून पायांपर्यंत अंगावर कोठे काय जाणवते, ते तो पाहू लागतो. कोठे ऊब लागते, कोठे मुंग्या येतात, कोठे खाज सुटते. दिवसातून तीन वेळा एकेक तास हातपाय न हलवता बसायचे असते. अशा वेळी नाकाच्या शेंड्यावर खाज सुटली, तर? हात उचलायचा नाही, नुसते लक्ष द्यायचे. बहुतेक वेळा ती खाज थोड्या वेळाने आपोआप ओसरते.

हे वाचून तुम्हांला हसू येईल. पण यात त्वचेच्या आरोग्याची मोठी गोष्ट आहे. खाजवल्याने क्षणभर बरे वाटते. मात्र नखांनी त्वचेचा वरचा थर दुखावतो, त्यामुळे खाज आणखी वाढते आणि आपण पुन्हा खाजवतो. नखांतली घाण आत जाऊन जखम चिघळते. चिंता, राग किंवा परीक्षेची भीती असली की इसबासारखे विकार वाढतात, हे डॉक्टरही सांगतात. म्हणजे त्वचा आणि मन ही काही दोन वेगळी घरे नव्हेत.

मात्र येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. विपश्यना म्हणजे औषध नव्हे. धम्मगिरीचे आचार्य सत्यनारायण गोएंका हे मूळचे ब्रह्मदेशातील व्यापारी. अर्धशिशीच्या तीव्र दुखण्याने ते त्रस्त होते. 1955 साली ते रंगून येथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. तेव्हा गुरूंनी त्यांना बजावले, की केवळ डोकेदुखी बरी करण्यासाठी ही विद्या नाही. पुढे 1969 साली गोएंका भारतात आले आणि त्यांनी ही विद्या येथे शिकवली. 2013 साली त्यांचे निधन झाले. गुरूंची ती सूचना मला फार प्रामाणिक वाटते. आजाराला डॉक्टर हवाच.

मग आपण यातून काय घ्यावे? माझ्या मते, रोजची दहा मिनिटे. इगतपुरीच्या डोंगरांत आता मोठमोठी हॉटेले झाली आहेत. तेथे पैसे मोजून अंगाला मालिश करून घेता येते. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी! पण 'आराम ही श्रीमंतांची चैन आहे' हे मला मान्य नाही. शाळेतून आल्यावर दहा मिनिटे भिंतीला टेकून डोळे मिटावे आणि श्वास येतो-जातो तो पाहावा. लहान घरात, भावंडांच्या गोंगाटात हे कठीण आहे, हे मी जाणतो. तरी घराचा ओटा आहे, मशिदीचा कोपरा आहे, शाळेचे रिकामे मैदान आहे.

त्वचेची निगाही अशीच बिनखर्चाची आहे. भातलावणीच्या दिवसांत बायामाणसे दिवसभर चिखलपाण्यात उभी असतात. त्यांच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, कातडी पांढरी पडते आणि आग होते. शहरातल्या मुलांना हेच दुखणे ओल्या बुटांमुळे होते. वजू करताना तुम्ही पायांच्या बोटांमध्येही पाणी पोहोचवता. पावसाळ्यात मोजे घालण्यापूर्वी तीच जागा फडक्याने कोरडी करा. दमट कपडे अंगावर ठेवू नका. एकमेकांचा टॉवेल वापरू नका. थंडीत अंग उलते, तेव्हा आंघोळीनंतर थोडे खोबरेल तेल लावा. टाचांच्या भेगांना कोकमतेल चांगले. एवढे पुष्कळ झाले.

यापेक्षा जास्त काही लावायचे मनात आले, तर मात्र थांबा. आपल्याकडे नायटा झाला की लोक औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणतात. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असते. चार दिवस खाज थांबते, आपण खूश होतो आणि आतल्या आत नायटा पसरत जातो. 2018 साली सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तरीही ती चिठ्ठीशिवाय हातोहात मिळतात. त्याहून वाईट म्हणजे हीच मलमे काही मुली गोरे होण्यासाठी चेहऱ्याला लावतात. त्यामुळे कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात जळजळते. कधी चेहऱ्यावर केसही उगवतात.

गोरेपणाचे हे वेड कोणी लावले? 1975 साली 'फेअर अँड लव्हली' क्रीम बाजारात आले. ते विकणाऱ्या जाहिराती वर्षानुवर्षे सांगत राहिल्या, की सावळ्या मुलीला ना नोकरी मिळते ना स्थळ. 2020 साली कंपनीने नावातला 'फेअर' हा शब्द काढला. शब्द गेला, पण लग्नाच्या बोलण्यांत 'मुलगी गोरी आहे ना?' हा प्रश्न अजून विचारला जातो. वर्गात सावळ्या मुलाला टोपणनाव पाडणारी मुले अजून आहेत. सावळा रंग ज्या मेलॅनिनमुळे येतो, तेच उन्हापासून त्वचेचे रक्षण करते. भर उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाला याहून चांगली छत्री कोणत्या दुकानात मिळेल?

तेव्हा आरशासमोर उभे राहिल्यावर पुन्हा एखादी ट्यूब उचलावीशी वाटली, तर धम्मगिरीतला साधक खाज सुटल्यावर जे करतो, तेच करून पाहा. हात तेथेच ठेवा. थोडा वेळ जाऊ द्या.