हाताला सोसवेल अशी भिंत



घरातील वृद्ध माणूस भिंतीकडे पाहतो त्यापेक्षा अधिक वेळा तिला धरतो. रात्री उठून स्नानगृहाकडे जाताना त्याचा तळहात भिंतीवरून सरकत असतो, वळणावर कोपर टेकते, चप्पल घालताना खांदा टेकतो. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली ती चूक घडून गेल्यावर.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी आणि माझ्या मुलाने घरातील बोळाच्या भिंतीला स्वतः ‘टेक्स्चर’ दिले. वाळूचा बारीक कण असलेला लेप आणला, तो थापीने पसरला आणि ओला असतानाच त्यावर कंगव्याने उभ्या रेषा ओढल्या. येणारा-जाणारा कौतुक करी. पंधरा दिवसांनी सासूबाईंचा तोल गेला. त्या पडल्या नाहीत, कारण भिंतीने त्यांना सावरले. पण हात भिंतीवरून घसरला आणि मनगटापासून कोपरापर्यंतची त्वचा ओल्या कागदासारखी सोलून निघाली. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. जखम भरायला पाच आठवडे लागले. “भिंत छानच आहे गं, माझाच तोल गेला,” असे त्या म्हणत राहिल्या, आणि तेच मला अधिक लागले.

उतारवयात त्वचेचे असे का होते? त्वचेचा वरचा आणि खालचा थर एकमेकांत दातेरी रीतीने गुंतलेले असतात. वय वाढते तशी ही गुंतवण सपाट होते, खालची चरबी कमी होते, आणि आडव्या घर्षणाने वरचा थर सहज सुटतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिकच. म्हणून भिंतीला पोत देण्यापूर्वी रंगसंगतीचा विचार मागाहून करावा. या भिंतीला कोणाचा हात लागतो, हे आधी पाहावे.

बोळ, जिन्याची बाजू, स्नानगृहाची वाट, पलंगालगतची भिंत या जागा गुळगुळीतच ठेवाव्यात. हौस भागवायची ती बैठकीत, जिच्यापुढे कपाट किंवा दूरदर्शन संच असतो अशा एखाद्या भिंतीवर. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या खोलीत मात्र तीही नको. बाजूने पडणाऱ्या दिव्यामुळे खडबडीत भिंतीवर सावल्या उमटतात आणि त्या व्यक्तीला तेथे किडे वा चेहरे दिसू शकतात. दम्याचा रुग्ण घरात असल्यास खोल खाचांत साठणारी धूळ कोण पुसणार, हेही आधी ठरवावे. (उत्तर बहुधा ‘कोणी नाही’ असेच येते.)

जागा ठरली की दोन फूट लांब-रुंद प्लायवूडच्या तुकड्यावर नमुना करावा. हे काम आजी-आजोबांनी बसल्या जागी करावे. त्यात खरी मौज आहे आणि हातांना व्यायामही. वाळूच्या लेपाऐवजी बारीक पोताचा लेप घेऊन फोमचा रोलर किंवा ओला स्पंज फिरवला तर उंचवटे गोल येतात. नमुना पूर्ण वाळल्यावर त्यावरून जुनी मलमलची ओढणी ओढावी. सूत अडकले तर तो पोत आपल्या घराचा नव्हे. आपल्या पूर्वीच्या घरांतील मातीने सारवलेल्या भिंतींवरही बोटांचे फराटे असत. पण ते फराटे हातानेच उठत आणि हातानेच दबत.

प्रत्यक्ष भिंतीला हात घालण्यापूर्वी ओल तपासावी. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवावा. त्याच्या आत पाणी सुटलेले दिसले तर आधी ओलीचा उगम शोधावा, कारण ओलीवर दिलेला लेप फुगतो आणि मागे बुरशी धरते. पावसाळ्यात हे काम काढूच नये. जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगात शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाची धूळ विषारी असू शकते, विशेषतः नातवंडांना. पृष्ठभाग ओला करून पॉलिश पेपर फिरवावा, एन-९५ मुखपट्टी लावावी, आणि वृद्ध व बालके त्या दिवशी दुसऱ्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे असावीत. मग भेगांत लांबी भरावी, प्रायमर द्यावा, तो वाळू द्यावा.

लेप लवकर आवळतो. म्हणून एकाने पट्टा लावीत जावे व दुसऱ्याने लगोलग रोलर फिरवावा. भिंत एका बैठकीत संपवावी, अन्यथा जोड दिसतो. शिडीवर तरुणानेच चढावे. साठी उलटलेल्या गृहस्थांनो, ‘एवढ्याशाला काय होते’ हे वाक्य शिडीच्या पायथ्याशीच सोडावे.

आणि खडबडीत भिंत घरात आधीच असेल तर? आम्ही केले ते सांगते. जमिनीपासून चार फुटांपर्यंतचे उंचवटे ओल्या पॉलिश पेपरने उतरवले, लांबीचे दोन हात दिले व धुता येणारा रंग लावला. त्यावर सुमारे तीन फूट उंचीवर लाकडी कठडा बसवला. कठडा व भिंत यांत दोन इंच अंतर हवे, नाहीतर मुठीत धरताना बोटांची पेरे भिंतीला घासतात. कठड्याचा रंग भिंतीहून गडद ठेवला, म्हणजे अंधुक प्रकाशातही तो दिसतो.

त्वचा सोललीच तर सुटलेला पापुद्रा कापू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे, पापुद्रा ओल्या गॉझने हळुवार जागेवर सरकवावा, न चिकटणारी पट्टी ठेवून वरून सैल बँडेज गुंडाळावे. त्वचेवर चिकटपट्टी लावू नये. दहा मिनिटे दाब देऊनही रक्त थांबत नसेल, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, हेही त्यांना सांगावे.

आमच्या बोळात वरच्या भागावर कंगव्याच्या त्या रेषा अजून आहेत. सासूबाईंनीच त्या काढू दिल्या नाहीत.