आजऱ्याचा घनसाळ आणि संस्कृतीची व्याख्या

संस्कृती मातीतून उगवते, हे मत पटायला सोपे आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्यात त्याला पुरावाही हाताशी सापडतो. येथील घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिरण्यकेशीचे खोरे आणि सह्याद्रीलगतचा पाऊस यांवाचून या भाताला तो वास येत नाही, असे सांगितले जाते. मग भाताबरोबर माणसेही या मातीनेच घडवली, असा पुढचा टप्पा न बोलता गाठला जातो. जर्मन भूगोलज्ञ फ्रीड्रिख रात्झेल यांनी १८८२ मध्ये मांडलेल्या मानवी भूगोलाची ही ओबडधोबड आवृत्ती म्हणता येईल.

वासापुरते हे मत मान्य करायला हरकत नाही. पण पाऊस बियाणे राखून ठेवत नाही. तरवा कधी टाकायचा, चिखलणी किती करायची, लावणीसाठी कोणाच्या शेतात आधी पैऱ्याने, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाच्या बोलीवर, जायचे, हे आभाळ ठरवत नाही. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्यातही भौगोलिक परिस्थितीबरोबर ‘मानवी घटक’ स्पष्टपणे धरलेले आहेत. मानांकनाचा अभिमान बाळगणारे नेमके तेवढेच विसरतात. शिवाय त्याच मातीत आज ऊस आणि काजूही आहेत. भातातही जास्त उतारा देणारा इंद्रायणी आहे, जो आंबेमोहर आणि आयआर ८ यांच्या संकरातून आला. माती तीच राहिली. बदलले ते चित्री धरणाचे पाणी, गवसे येथील सहकारी साखर कारखाना आणि बाजारातला दर.

माती सोडली की दुसरा पक्ष रक्ताचा आधार घेतो. संस्कृती जन्माने येते, अमुक घराण्यात किंवा जातीत ती उपजत असते, असा हा दावा. एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्येच त्याचे मूळ कापले होते. ज्ञान, श्रद्धा, नीती, कायदा, रूढी असे जे जे माणूस समाजाचा सदस्य म्हणून आत्मसात करतो, त्या सगळ्याला त्यांनी संस्कृती म्हटले. नातेसंबंधांवरून हे चटकन कळते. मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी रक्ताने सारख्याच जवळच्या. तरीही महाराष्ट्रातल्या अनेक समूहांत मामेबहिणीशी लग्न चालते, आत्येबहिणीशी टाळले जाते. उत्तरेकडे बहुतांशी दोन्ही वर्ज्य, तर कर्नाटकात दोन्हींना वाव. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांच्या या प्रदेशवार रचना तपशिलाने मांडल्या आहेत. रक्त सगळीकडे एकच नियम घालते असे मानले, तर हे भेद कुठून आले याला उत्तर उरत नाही. आजऱ्याहून मुंबईला गेलेल्या कुटुंबाच्या तिसऱ्या पिढीला रोप लावता येत नाही आणि कोकणातून सून म्हणून आलेली बाई ते एका पावसाळ्यात शिकते, यातही नवल नाही.

उलट टोकाची चूक शहरी वर्तुळांत अधिक दिसते: समाज असे काही नसतेच, व्यक्ती असतात आणि त्यांच्या निवडी. घनसाळ करणाऱ्याने हे ऐकून हसावे. एकट्याने बियाणे शुद्ध ठेवले आणि खळ्यावर, गिरणीत, व्यापाऱ्याकडे भेसळ झाली, तर नावाची पत सगळ्यांचीच जाते. म्हणूनच भौगोलिक मानांकनाची नोंद एकट्या शेतकऱ्याच्या मालकीने होत नाही; ती उत्पादकांच्या संघाची किंवा तत्सम संस्थेची असते. एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्ये सामाजिक तथ्याची दोन लक्षणे सांगितली: ते व्यक्तीबाहेर असते आणि व्यक्तीवर दाब टाकते. पैरा फेडला नाही तर पुढच्या लावणीला बांधावर कोणी येत नाही. हा दाब कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही.

तेव्हा समाज म्हणजे संबंधांची रचना आणि संस्कृती म्हणजे त्या संबंधांतून शिकलेली, वाटून घेतलेली व बदलत जाणारी रीत. दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या असल्या तरी त्यांच्या सीमा जुळतीलच असे नाही. ऊसतोडीच्या हंगामात हे विशेष स्पष्ट होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांकडे बीडकडून टोळ्या येतात. उचल, मुकादम, तोडीची पाळी, शेतकऱ्याकडून मागितली जाणारी खुशाली यांनी फडातला मजूर आणि उसाचा मालक घट्ट जोडले जातात; कधी वाद होतात, तेही या जोडणीतलेच. मात्र टोळीची बोली वेगळी, देव वेगळे, भाकरीचे धान्य वेगळे. एकाच सामाजिक संबंधात दोन संस्कृती महिनोन्‌महिने नांदतात, आणि हंगाम संपला की कोप्या मोडून टोळ्या परत जातात.