गाडीची चकाकी आणि पोराचा श्वास

आपट्याचा माझा भाचा बारावीनंतर महामार्गावरच्या एका वॉशिंग सेंटरवर कामाला लागला. मागे एका रविवारी बहिणीकडे गेलो तेव्हा त्याचा घसा बसलेला. ‘सर्दी झाली का रे?’ विचारले तर म्हणाला, ‘नाही मामा, गाडी धुतली की शेडमध्ये सीलंट मारतो ना, तो फवारा घशात जातो. रुमाल बांधतो मी तोंडाला.’ बहीण म्हणाली, ‘दादा, काम सोड म्हणावं, तर घरात पगार याचाच येतो.’

काम सोड असे मलाही सांगवेना. मग ते काम काय आहे, हे आधी समजून घेतले.

सीलंट म्हणजे रंगावर बसणारा पातळ थर. त्यामुळे पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळते. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक चटकन धुता येतो. मात्र जुना गंज किंवा ओरखडा त्याने जात नाही. आपल्या वस्तीत कर्जावर टॅक्सी, रिक्षा घेतलेले पुष्कळ आहेत. त्यांनी घरीच हे काम करावे. गाडी सावलीत उभी करावी, पत्रा थंड असावा. कपड्याचा सोडा वापरू नये, गाडीचाच शाम्पू घ्यावा. वरून खाली धुवावे. पाताळगंगेत गाडी उतरवू नये, तो साबण नदीत जातो. सीलंट ओल्या पत्र्यावर लावायचे की कोरड्या, हे बाटलीवर लिहिलेले असते. एका वेळी एकच दार किंवा बॉनेट घ्यावे, एका मऊ फडक्याने पसरवावे, दुसऱ्या कोरड्याने पुसावे. ब्रेकच्या चकतीवर आणि टायरवर एक थेंबही जाऊ देऊ नये. पाण्याचे थेंब बनेनासे झाले की पुन्हा लावावे.

आता श्वासाचे. मार्च 2006 मध्ये जर्मनीत काच आणि सिरॅमिकवर मारायच्या एका सीलंट स्प्रेने सुमारे शंभर माणसांना खोकला आणि धाप लागली. काहींच्या फुफ्फुसात पाणी झाले. हा त्रास दाबाच्या डब्यातल्या फवाऱ्याने झाला. तोच माल हातपंपाच्या बाटलीतून मारणाऱ्यांची तक्रार आली नव्हती. 10 मायक्रॉनहून बारीक तुषार फुफ्फुसात खोलवर जातात. रुमालाने ते अडत नाहीत.

म्हणून भाच्याला चार गोष्टी सांगितल्या. हातपंपाची बाटली घे. फवारा हवेत नको, फडक्यावर मार. शेडचे शटर उघडे ठेव, वारा पाठीवर घे. छाती भरली तर लगेच बाहेर ये आणि दवाखान्यात जाताना बाटली सोबत ने, म्हणजे डॉक्टरांना औषध ठरवता येईल.

तो म्हणाला, ‘मामा, मी एकट्याने सांगितलं तर मालक काढून टाकील.’ म्हटले, तिघे मिळून जा, आणि आधी हिशोब सांगा. फडक्यावर मारले की माल हवेत जात नाही, बाटली जास्त दिवस पुरते.

तिघे गेले. मालकाने हातपंपाच्या बाटल्या आणल्या, शटरही उघडे राहते. मास्क अजून आलेले नाहीत. पोरांनी पुन्हा मागायचे ठरवले आहे. तुमच्या घरातला मुलगा असे काम करीत असेल, तर आज रात्री जेवताना त्याला एवढेच विचारा, ‘बाळा, श्वास नीट लागतो ना?’